स्थिर पानांकडून साच्यांकडे : संकेतस्थळाचे नूतनीकरण



वालावल गावच्या एका ज्येष्ठ भगिनीने गुड फ्रायडेनंतर आम्हांला एक प्रश्न विचारला. मुंबईत नोकरी करणारा त्यांचा मुलगा आमच्या संकेतस्थळावरील वेळ पाहून त्या दिवशीच्या उपासनेसाठी गावी आला होता. मुखपृष्ठावर आम्ही दुपारी ३ ची वेळ दिली होती. उपासनांच्या पानावर मात्र मागील वर्षीची सायंकाळी ५ ची वेळ तशीच राहून गेली होती. मुलाने नेमके ते दुसरे पान पाहिले. तो पोहोचला तेव्हा क्रूसवंदन संपून मंदिर रिकामे झाले होते. माउलीने एवढेच विचारले, "फादर, एकाच घरात दोन घड्याळां कशी?"

चूक आमचीच होती. परंतु ती केवळ निष्काळजीपणाची नव्हती. संकेतस्थळाच्या रचनेतच तिचे मूळ होते. ही रचना आता आम्ही बदलत आहोत. तो बदल नेमका काय आहे, हे वाचकांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

स्थिर पान म्हणजे स्वतंत्र फाइल. शीर्षपट्टी, सूची, मजकूर आणि तळटीप हे सर्व एचटीएमएल भाषेत त्या एकाच फाइलीत लिहिलेले असते. अशी साठ पाने असतील, तर सूचीतील एक शब्द बदलण्यासाठी साठ फाइली उघडाव्या लागतात. ती भाषा जाणणारी व्यक्ती बहुधा एकच असते. ती परगावी गेली की संकेतस्थळ मुके होते.

आशय-व्यवस्थापन प्रणाली हे काम वेगळ्या रीतीने करते. मिस्साविधीचे उदाहरण घ्या. त्यातील काही भाग नित्य आहे, तर वाचने, प्रतिसाद स्तोत्र व दिवसाच्या प्रार्थना उपासना-वर्षाप्रमाणे बदलतात. नित्य भाग दररोज नव्याने कोणी लिहीत नाही. प्रणालीतही असेच असते. पानाचा न बदलणारा भाग साच्यात, म्हणजेच टेम्प्लेटमध्ये राहतो. बदलणारा मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो. वाचकाने पान उघडले की प्रणाली दोहोंची सांगड घालून ते समोर ठेवते. २००१ साली आलेले द्रुपल, २००३ साली आलेले वर्डप्रेस आणि २००५ साली आलेले जूमला या अशाच मुक्त प्रणाली होत.

जुन्या पानाचा साचा कसा करावा? प्रथम एक नमुनेदार पान निवडून प्रत्येक पानावर सारखे काय आणि वेगळे काय, याच्या खुणा कराव्यात. वर्डप्रेसच्या पारंपरिक पद्धतीत मग पानाचे तुकडे पाडतात : वरचा भाग हेडर फाइलीत, बाजूचा रकाना साइडबार फाइलीत, खालचा भाग फूटर फाइलीत. मधला मजकूर काढून त्या जागी 'येथे शीर्षक आण', 'येथे लेख आण' अशा अर्थाच्या आज्ञा लिहितात. रंग व अक्षरांचे नियम स्टाइल फाइलीत जातात. अलीकडच्या ब्लॉक पद्धतीत हीच मांडणी पडद्यावर ठोकळे रचून करता येते. तत्त्व मात्र तेच.

साच्याची अडचण आपल्या भाषेला नवी नाही. १६०८ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून रोमला लिहिलेल्या पत्रात देशी लिपीत छपाई करण्याची इच्छा कळवली होती. या लिपीला सुमारे सहाशे साचे लागतात, ही अडचणही त्यांनी नोंदवली होती. अखेर त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीतच छापले गेले.

त्या अडचणीची छाया आमच्या जुन्या पानांवरही आहे. ती विशिष्ट फॉन्ट वापरून तयार केलेली आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, परंतु फाइलीत रोमन अक्षरांचे संकेत असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे उमटतात, आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे. म्हणून मजकूर नव्या प्रणालीत नेण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे अनिवार्य आहे. परिवर्तक हे काम झटपट करतो, पण आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचा क्रम याच्या उलट. नेमके येथेच शब्द बिघडतात. दिवंगतांच्या नावात अशी चूक राहिली, तर ती त्यांच्या कुटुंबाच्या जिव्हारी लागते. म्हणून प्रत्येक पान माणसानेच वाचून तपासले पाहिजे.

आणखी एक पथ्य जुन्या पत्त्यांचे. आखाती देशांत वा मुंबईत असलेल्या आपल्या बांधवांनी काही पाने जपून ठेवलेली असतील. पत्ता बदलल्यावर त्यांना रिकामे पान दिसू नये, यासाठी प्रत्येक जुन्या पत्त्यावर '३०१' ही कायमच्या स्थलांतराची खूण ठेवावी लागते. ती वाचकाला आपोआप नव्या पानावर नेते.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू या. केवळ साचे बनवून दोन घड्याळे एक होत नाहीत. उपासनेची वेळ दोन लेखांत दोनदा टंकित केली, तर जुनीच चूक नव्या घरात येईल. म्हणून वेळ ही तारीख व वर्षासह एकच नोंद असावी, आणि मुखपृष्ठ व उपासनांचे पान या दोहोंनी ती तेथूनच घ्यावी. मात्र ही एकच नोंद चुकली, तर ती सर्वत्र चुकेल! यासाठी प्रणालीतील भूमिकांचा उपयोग होतो. वर्डप्रेसमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' स्वतःचा मजकूर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. 'एडिटर' तो तपासून प्रसिद्ध करतो. प्रत्येक धर्मग्रामातील एका प्रापंचिकाने वेळा लिहाव्यात, धर्मगुरूंना विचारून खात्री करावी आणि दुसऱ्याने त्या पाहाव्यात, अशी आमची योजना आहे. या सेवेसाठी एचटीएमएल येण्याची गरज नाही. शुद्ध मराठी टंकलेखन आणि वक्तशीरपणा पुरेसा आहे.

प्रणाली घेतली की तिची निगा राखणे ओघाने आलेच. नव्या आवृत्त्या वेळेवर घालाव्या लागतात, नाहीतर घुसखोरांना वाट मिळते. डेटाबेसची प्रत नियमितपणे वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते. स्थिर पानाला एवढी राखण लागत नसे, हे मान्य केले पाहिजे. म्हणून क्वचितच बदलणारी जुनी पाने घाईने हलवण्याची गरज नाही. प्रथम वेळा, सूचना व निधनवार्ता न्याव्यात.

आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या घरधन्याचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. आमचाही हेतू तोच आहे : जुने जपावे, नवे वेळेवर पोहोचवावे. पुढील गुड फ्रायडेला वालावलचा तो तरुण क्रूसापुढे वेळेवर गुडघे टेकू शकला, तर आमचे हे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.