शरदातील घरची बाग : शेवंतीला अंधार, झेंडूला शेंडेखुडणी

गणपती गेले, पाऊस ओसरू लागला की अनेकांचे एकच गाऱ्हाणे असते, "झाड हिरवेगार आहे, पण फूल नाही." कारण बहुधा दोनपैकी एक असते: नत्र जास्त किंवा उजेड जास्त. उजेडाकडे तर कुणाचे लक्षच जात नाही.

शेवंती ही कमी दिवसमानाची वनस्पती आहे. रात्र पुरेशी मोठी झाली, की कळी धरते. पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तो सप्टेंबरअखेर १२ तासांवर येतो. झाड हा बदल पानांतून ओळखते. मात्र ही रात्र सलग अंधाराची हवी. गॅलरीतील दिवा किंवा रस्त्यावरचा खांब रात्रभर कुंडीवर उजेड टाकत असेल, तर झाडाच्या लेखी दिवस संपतच नाही. आमच्याच घरी फाटकाजवळच्या दोन कुंड्या डिसेंबरपर्यंत नुसत्या पानांवर होत्या. त्याच रोपांच्या मागच्या अंगणातील कुंड्या मात्र ऑक्टोबरमध्येच कळ्यांनी भरल्या. शेती शिकलेल्या माणसाला हे कळायला दोन हंगाम लागले, हे सांगायला संकोच वाटतो! कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी. ते शक्य नसेल, तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ खोका उपडा घालावा. कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत रोज, न चुकता. दिवसा मात्र किमान पाच-सहा तास ऊन हवेच. शेवंतीचे शेंडे ऑगस्टअखेरनंतर खुडू नयेत, धरलेली कळीच हातात येते.

झेंडूचे गणित वेगळे आहे. आफ्रिकन झेंडूला रोप लावल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे दसऱ्याला दारावर घरचे तोरण हवे असेल, तर रोपे जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागायला हवीत. तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की फांद्या वाढतात. फुले थोडी उशिरा, पण जास्त येतात. वेळ हुकली असेल, तर रोपवाटिकेतून कळ्या धरलेली बुटकी फ्रेंच झेंडूची रोपे आणावीत. त्यात कमीपणा नाही.

पावसाने कुंडीतील माती घट्ट बसते आणि अन्नद्रव्ये वाहून जातात. पाने पिवळी पडली म्हणून मूठभर युरिया टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, पाने वाढतील आणि कळ्या लांबतील. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खुरप्याने मोकळी करून दोन मुठी गांडूळखत मिसळावे. कळ्या दिसू लागल्यावर ०:५२:३४ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे.

पारिजातकाला या दिवसांत कात्री लावू नये. फुले नव्या फुटीवर येतात. छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारीत करावी. सोनटक्का अर्ध्या सावलीत, ओलसर जागी खुश असतो. त्याचा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापावा. तेरड्याचे तर काही करायलाच नको. शेंगा फुटून बी आपोआप पडते आणि पुढच्या पावसात उगवते.

ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली, की झेंडूवर लाल कोळी येतो. पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसतात, खालच्या बाजूला जाळी असते. सुरुवातीलाच पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्याने आटोक्यात आला नाही, तर ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण १ लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवरील माव्यालाही हेच चालते. पाणी मात्र बोट मातीत खुपसून, कोरडे लागले तरच द्यावे. या महिन्यात शेवंती तहानेपेक्षा मूळकुजीनेच जास्त मरते.