सीमेच्या दोन बाजूंची म्हातारपणाची मिळकत

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलातील देडतलाई आणि पलीकडचा अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि विदर्भही त्यातच मोडत असे. राज्य पुनर्रचनेनंतर मध्ये सीमा आली. कोरकू आणि मराठी बोलणाऱ्या वस्त्यांतले नातेसंबंध तुटले नाहीत, मात्र म्हातारपणी हाती येणारी रक्कम कालांतराने या सीमेवर ठरू लागली.

त्याच वर्षी बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्र कागदाचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. अशा कारखान्यांतील कामगारांसाठी १९९५ मध्ये कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली, जिच्यात निवृत्तिवेतनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. या वेतनाला महागाई भत्त्याची जोड नाही आणि किमान रक्कम २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. तरीही कारखान्यातल्या माणसाच्या नावावर काही जमा होत होते. शेतमजुराच्या नावावर काहीच नव्हते.

त्याच्यासाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे वर्गणी न भरता निराधार वृद्धाला केंद्राकडून मिळणारी मदत. आरंभी ती महिना ७५ रुपये होती आणि २००६ पासून २०० झाली. २०११ मध्ये पात्रतेचे वय ६५ वरून ६० वर आले, ही खरी सुधारणा होय. पण ६० ते ७९ वयाच्या लाभार्थ्यासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयांवरच थांबला. इतक्या दीर्घकाळ एक आकडा गोठवून ठेवणे म्हणजे दरवर्षी मदत थोडी थोडी कमी करणेच आहे.

उरलेली भर राज्याने घालायची असल्यामुळे दोन बाजूंत अंतर पडले. मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये एकूण रक्कम ३०० वरून ६०० रुपये केली. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान व श्रावणबाळ या योजनांत ती २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. श्रावणबाळसाठी वयाची अट ६५ असल्याने साठीतल्या माणसाला देडतलाईत लाभ आधी सुरू होतो हे नोंदवले पाहिजे, तथापि पासष्टीनंतर महिन्याला ९०० रुपयांची तफावत राहते. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली पात्र व्यक्तीला महिना ५ किलो धान्य मोफत मिळते; म्हणून ६०० रुपयांचा खरा ताण तेल, डाळ, औषध आणि दवाखान्याच्या प्रवासावर पडतो, आणि घर चालवण्याची कसरत तिथेच सर्वांत अवघड होते.

स्त्रियांच्या बाबतीत मध्य प्रदेशाच्या धोरणातली एक विसंगती ठळक दिसते. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या लाडली बहना योजनेत १,००० रुपये मिळत, ऑक्टोबरपासून १,२५० मिळू लागले. पण ही योजना साठीपर्यंतच आहे, म्हणजे मजुरी झेपेनाशी होते त्याच वयात हा आधार सुटतो आणि वृद्धापकाळाचे ६०० रुपये पुढे येतात.

तरुण मजुरांसाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना निघाली. १८ ते ४० वयात वर्गणी सुरू केल्यास साठीनंतर तिच्यातून १,००० ते ५,००० रुपये मिळायचे असल्याने, पहिल्या वर्षी चाळिसाव्या वर्षी दाखल झालेल्या मजुराचे निवृत्तिवेतनही २०३५ च्या आधी सुरू होऊ शकत नाही.