मॉनिटरवर चित्र कां येत नाहीं?



लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडावा आणि चित्राऐवजीं ‘नो सिग्नल’ एवढेच शब्द दिसावेत, असा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. मॉनिटर बिघडला असा निकाल मग तत्काळ दिला जातो, आणि हजारों रुपयांची धडधाकट वस्तु अडगळींत जाऊन पडते. वास्तविक हे शब्द मॉनिटर जिवंत असल्याचीच साक्ष देतात. आपल्याला वीज मिळत आहे, पडदा उजळत आहे, परंतु संगणकाकडून कांहींच येत नाहीं, इतकेंच तो सांगत असतो. तेव्हां दोष प्रथम शोधावा तो या दोघांमधील वाटेवर. शोधतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर चित्र आलें तरी दोष कोठें होता हें कळत नाहीं.

आरंभ मॉनिटरपासून करावा. त्याला बहुधा दोनतीन पोर्ट असतात. पण एका वेळीं तो त्यांपैकीं एकाचेंच चित्र दाखवितो. केबल एचडीएमआयमध्यें आणि निवड डिस्प्लेपोर्टची, असें असेल तर चित्र येणार नाहीं. मॉनिटरवरील बटणानें ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ तपासून ही शंका आधीं फेडावी.

नंतर केबल. दोन्ही टोंकें काढून पुन्हां घट्ट बसवावीं, आणि जमल्यास दुसरी केबल लावून पाहावी. येथें बाह्य रूप फसवितें. यूएसबी-सीची चपटी रचना २०१४ सालीं आली; परंतु त्या आकाराच्या प्रत्येक पोर्टांतून चित्र बाहेर पडतेंच असें नाहीं. कित्येक पोर्ट केवळ चार्जिंग व माहितीची देवघेव यांपुरतेच असतात. मोबाइल चार्ज करावयाची केबलही बहुधा चित्र नेत नाहीं. म्हणून संगणकाची माहितीपुस्तिका पाहावी.

मॉनिटर जुना असल्यास आणखी एक अडचण येते. १९८७ सालची व्हीजीए पद्धति विजेच्या चढउतारांच्या रूपानें चित्र नेते, तर २००२ सालची एचडीएमआय अंकांच्या रूपानें. नुसत्या तारेनें हीं दोन जुळत नाहींत; मध्यें रूपांतर करणारें उपकरण लागतें, आणि तें बहुधा ठरलेल्या एकाच दिशेनें चालतें.

टेबलावरच्या संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच जोडावी. मदरबोर्डावरील पोर्ट अशा वेळीं पुष्कळदां बंद असतो.

वाट निर्वेध असूनही चित्र येत नसेल, तर दोघांची ओळख पटली नसण्याचा संभव असतो. जोडणी होतांच मॉनिटर आपलें नांव आणि आपल्याला पेलणारीं चित्राचीं मापें संगणकास कळवितो; हें मूळ ओळखपत्र अवघें १२८ बाइटांचें असतें. तें न पोंचल्यास मॉनिटर जोडलेलाच नाहीं असें संगणक धरून चालूं शकतो. यासाठीं दोन्ही यंत्रें बंद करून मॉनिटरची विजेची वायर मिनिटभर काढून ठेवावी, आणि मग दोन्ही पुन्हां सुरू करावीं. विंडोज असल्यास विंडोजची कळ व ‘पी’ एकत्र दाबावीं. चार पर्याय दिसतात. त्यांत केवळ संगणकाचाच पडदा निवडलेला असेल, तर मॉनिटर रिकामा राहणें स्वाभाविक आहे.

इतकेंही करून भागलें नाहीं, तर खात्रीच्या केबलनें तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडावा. तेथें चित्र उमटलें तर दोष आपल्या संगणकाकडे. न उमटलें तर मॉनिटरकडे. असें केलें म्हणजे काय दुरुस्त करावयाचें हें कारागिराला नेमकें सांगतां येतें, आणि नव्या मॉनिटरचा खर्च पुष्कळदां टळतो.