वैशाखापूर्वी बागेची बेगमी

होळी उलटली की पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील बागांची खरी परीक्षा सुरू होते. जून ते सप्टेंबर येथे मुसळधार पाऊस पडतो. ऑक्टोबर सरल्यानंतर मात्र पुढील पावसाळ्यापर्यंत जमिनीला नैसर्गिक ओल जवळजवळ मिळत नाही. समुद्रकाठची हवा दमट असल्याने झाडांना पाणी कमी लागत असावे, असा अनेकांचा समज असतो. तो फसवा आहे. मुळांभोवतीची माती कोरडी पडली की दमट हवेतही झाड कोमेजतेच.

रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने मातीचा केवळ वरचा थर भिजतो. मुळेही मग तेथेच घुटमळतात आणि पहिल्या कडक उन्हात होरपळतात. जमिनीतील झाडांना काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. आळे खोडाला चिकटून न करता फांद्यांच्या घेराखाली करावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तेथे असतात. सूर्या प्रकल्पाचे पाणी थेट वसई-विरारपर्यंतच्या घरांची तहान भागवते, हे लक्षात घेता भर उन्हाळ्यात हिरवळ जोपासण्याचा हट्ट सोडलेलाच बरा.

बाष्पीभवन रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. भातशेतीच्या या प्रदेशात पेंढा सहज मिळतो. वाळलेला पालाही चालतो. शेतात राब भाजण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे शेतकऱ्याचा काही हिशेब तरी असतो, परंतु सोसायटीच्या आवारातील पाचोळा जाळण्यामागे कोणताच नसतो. तोच पाला खोडापासून वीतभर अंतर सोडून आळ्यात पसरावा.

किनाऱ्यालगतची मोठी अडचण म्हणजे खारे पाणी. उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की विहिरी आणि कूपनलिकांत समुद्राचे पाणी शिरते. पानांच्या कडा करपणे आणि कुंडीवर पांढरा थर जमणे, या त्याच्या खुणा होत. पुष्कळजण हे खताअभावी झाले असे समजून रासायनिक खत घालतात. त्यातील क्षारांमुळे दुखणे बळावते. अधूनमधून गोडे पाणी तळातून वाहून जाईपर्यंत दिल्यास साचलेले क्षार धुतले जातात. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असल्याने ते कुंड्यांना जसेच्या तसे घालू नये. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी मात्र निर्धास्त वापरावे.

गच्चीवरील कुंड्या तापलेल्या लादीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात आणि पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी लावावी. जाळी दिवसभर सर्व झाडांवर नको. मोगऱ्याला ऊन हवेच, त्याशिवाय कळ्या धरत नाहीत. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर, तीही हलकीच करावी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारून सौम्य साबणाचे पाणी फवारावे. हे काम सकाळी लवकर उरकावे. दुपारच्या फवारणीने पाने भाजतात.

मृग लागण्याच्या सुमारास कुंड्यांच्या तळाची भोके मोकळी करून खोडाजवळ सरकलेले आच्छादन बाजूला करावे. महिनाभरापूर्वी पाण्यावाचून तडफडणारी हीच झाडे पहिल्याच आठवड्यात मुळे कुजून दगावू शकतात.