पिकाने दाखवलेला खंदक

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजपासून सुमारे ३ किलोमीटरवरच्या एका शेतात किंचित उंचवटा होता. नांगरून सपाट झालेले एखादे जुने थडगे, असा त्याच्याविषयी समज होता. १९२५ साली इन्सॉल या वैमानिकाने विमानातून त्याचे छायाचित्र घेतले आणि त्यात ठिपक्यांची एकात एक कडी दिसली. १९२६पासून मॉड कनिंग्टन यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा लंबवर्तुळे व भोवतीचा खंदक सापडला. हेच ४,००० वर्षांहून जुने वुडहेंज.

खांब केव्हाच कुजले होते. मग ठिपके कशाचे? खडूच्या खडकात खणलेला खड्डा हळूहळू वरच्या मातीने भरतो. ही माती भुसभुशीत व ओल धरणारी असते. पावसाने ताण दिला की शेजारचे पीक पिवळे पडते, खड्ड्यावरचे मात्र हिरवे आणि उंच राहते. गाडलेल्या भिंतीवर याच्या उलट, पीक खुरटते. बांधावरून पाहिले तर नुसते हिरवे-पिवळे तुकडे दिसतात. आकृती दिसायला उंचीच हवी.

आता खंदक पाहू. दौलताबादला तो तटाच्या बाहेर आहे, शत्रूला अडवण्यासाठी. वुडहेंजला मातीचा बांध बाहेर आणि खंदक आत! संरक्षणासाठी असे कोण करील? म्हणून ही विधींची जागा मानली जाते. (विधी कोणते, हे खंदक सांगत नाही.)

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात असे काही दिसेल का? खोल काळी माती सगळीकडेच ओल धरते, त्यामुळे तिथे हा फरक फिका पडतो. मुरमावर वीतभर माती असलेल्या शेतात तो अधिक उठावा, असे आम्हाला वाटते. शिवाय आपल्याकडे मातीचा रंगही बोलतो. 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. राख, शेण, पडक्या भिंती यांनी बनलेली. प्रवरेकाठच्या दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन अग्निकुंडे मिळाली. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८–८२) पुराचे पाणी वळवणारा पाट व बांध मिळाला. पण पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात. टेकाड सपाट होते आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

जानेवारीत ज्वारी उभी असताना मुलांना टेकडीवरून शेते पाहायला न्यावे. वेगळा पट्टा दिसला की आधी शेतकऱ्याला विचारावे. बुजवलेली विहीर, पाइपलाइनचा चर, शेणखताच्या ढिगाची जुनी जागा, हेही तसेच दिसतात.