वळणावर गाडी किती कलली?

नेरळहून पोशीरकडे जाताना वळणावर दुचाकी कलते. पण किती अंशांनी? ओळंबा इथे फसतो. एकसमान वेगाच्या वळणात गुरुत्व आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज गाडीच्या उभ्या रेषेतच येते, त्यामुळे ओळंब्यासारखेच काम करणाऱ्या त्वरणमापकालाही गाडी सरळच वाटते.

म्हणून जायरोस्कोप. तो कलण्याचा वेग मोजतो, त्याची बेरीज करत गेले की कोन मिळतो. पण बारीक चुकाही साचत जातात. त्या सुधारायला चाकाचा वेग आणि गाडी वळण्याचा वेग कामी येतात. ताशी ५४ किलोमीटरने ४० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर कोन सुमारे ३० अंश. रुंद टायरमुळे थोडा जास्तच!

चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरमध्ये २०२०पासून असा हिशेब ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसच्या मदतीला आहे. ओल्या मातीवरची पकड मात्र त्याने वाढत नाही. वेग वळणाआधीच कमी करा.