परमुलखातील येळवस

मार्गशीर्ष महिन्याची अमावास्या उजाडली म्हणजे शिरूर अनंतपाळ व भोवतालची खेडी कशी दिसतात, हे येथील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. घरांना कुलपे, रस्ते ओस, बाजार थंड. आणि गावाबाहेर मात्र शिवारे माणसांनी फुललेली! लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत या दिवशी स्थानिक सुटी असते. या सणास दर्शवेळा अमावास्या अथवा वेळा अमावास्या म्हणतात. आपल्या बोलीत ती झाली 'येळवस'. शेजारच्या कर्नाटकात हिलाच 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ.

आता अशी कल्पना करा की, आपल्याच तालुक्यातील एक कुटुंब चाकरीनिमित्त इंग्लंडास जाऊन राहिले आहे. त्याने येळवस साजरी करावी तरी कशी? दिवाळीचा दिवा कोणत्याही खिडकीत लावता येतो. संक्रांतीचा तिळगूळ कोणाच्याही हातावर ठेवता येतो. येळवस मात्र शेताशी बांधलेली आहे. कडब्याची कोप उभारावयाची, तीत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगविलेले दगड मांडून पूजा करावयाची, उभ्या पिकावर आंबील शिंपडावयाची, आणि दिवस मावळला की पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती फिरावयाचे. यांपैकी कोणती गोष्ट चार भिंतींच्या आत होण्याजोगी आहे?

शिवाय तेथला काळही निराळा. आपले महिने चंद्राच्या गतीवर चालतात, म्हणून ही अमावास्या इंग्रजी वर्षात मागेपुढे सरकते. 2024 साली ती 30 डिसेंबरास आली, 2025 साली 19 डिसेंबरास. म्हणजे पुष्कळदा ती नाताळच्या आगेमागेच पडते. इंग्लंडात 25 व 26 डिसेंबर हे सार्वजनिक सुटीचे दिवस. पंचवीस तारखेस लंडन शहरात आगगाड्या व बसगाड्यासुद्धा धावत नाहीत. नववर्षापर्यंत शाळा बंद असतात आणि जो तो आपापल्या आप्तांकडे गेलेला असतो. ज्याचे आप्त सातासमुद्रांपलीकडे आहेत, त्याच्या वाट्यास मात्र नुसती शांतता येते. सूर्यही तेथे कृपण! आपला जिल्हा सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर, तर लंडन साडेएकावन्नावर आहे. त्यामुळे डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असताना तेथे तो आठ तासांचाही भरत नाही. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो.

अशा घरात येळवशीचे पान वाढणे ही एक लहानशी मोहीमच असते. ज्वारीचे पीठ हिंदी किराणा दुकानांत मिळते. येथे एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत कॅन्सस प्रांतात ज्वारीची शेतेच्या शेते पिकतात आणि ज्वारी पिकविणाऱ्या देशांत त्या देशाची गणना अग्रभागी होते. परंतु तेथे ती बहुतांशी जनावरांच्या खाद्याकडे व मद्यार्काकडे जाते, भाकरीकडे नव्हे! आपल्या भज्जीत पडणारे तुरीचे व हरभऱ्याचे कोवळे दाणे तेथे बर्फासारखे गोठविलेले मिळतात. येथून ताजी भाजी बांधून न्यावी म्हटले, तर वनस्पतींचे रोग पसरू नयेत म्हणून प्रमाणपत्रावाचून ती इंग्लंडात नेऊ देत नाहीत. दुधाच्या मिठाईसही तेथे मज्जाव आहे. आंबिलीची अडचण याहून सूक्ष्म आहे. ज्वारीचे पीठ व ताक आंबते ते सूक्ष्म जंतूंच्या योगे, आणि या जंतूंना ऊब लागते. आपल्याकडे मातीच्या बिंदग्यात रात्रभर ठेवलेली आंबील सकाळी चवीस येते. थंड देशात तीच दोन दोन दिवस ढिम्म राहते. म्हणून चतुर गृहिणी विजेची भट्टी न तापविता तिच्यातील दिवा तेवढा लावून ठेवतात आणि त्या उबेस भांडे आत सरकवितात.

ज्वारी, ताक, पाला आणि शेंगा हे आपल्याकडे गरिबाचे अन्न. तेच तेथे चैनीचे ठरते. याचे कारण केवळ किंमत नव्हे. आपल्याकडे माती, ऋतू आणि शेजारपाजारचे दहा हात मिळून जे सहज घडवितात, ते तेथे एकट्या माणसास दिवसभर खपून घडवावे लागते. ज्या वस्तूमागे इतके कष्ट दिसतात, तिचा घोट कोणी सांडीत नाही.

तथापि येळवशीचे मर्म पानात नाही, आमंत्रणात आहे. या दिवशी ज्याचे शेत आहे तो, ज्याचे नाही त्याला बोलावितो. गावातील शिक्षक, कारकून, दुकानदार, परगावाहून आलेला पाहुणा, कोणीही या दिवशी उपाशी परतत नाही. हे मर्म परदेशातही पाळता येते, आणि त्यास शेत लागत नाही. नाताळच्या सुटीत वसतिगृह ओस पडले असता एकटा राहिलेला एखादा परदेशी विद्यार्थी, अथवा मुले दूर असलेली शेजारीण म्हातारी, यांना घरी बोलावून एक वाटी भज्जी व एक पेला आंबील पुढे ठेवली, की त्या घराची येळवस झाली असे खुशाल समजावे.

आता उरला प्रश्न आपल्या इकडचा, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुलगा परदेशी गेला, शेत बटईने दिले, म्हातारा-म्हातारी गावात दोघेच. अशा घराची कोप उभारणार कोण? हिवाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास चालते. आपल्या शेतात दुपारचे साडेबारा वाजता पंगत बसते, तेव्हा तेथे सकाळचे सात वाजलेले असून बाहेर काळोख असतो. त्या वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर नातवंडाने आजोबांस पाहिले आणि त्यांच्या मागे कोप व उभी ज्वारी दिसली, तर आपल्या ताटातील पीठ कशापासून होते हे त्यास कळेल. पडद्यावर आजोबांमागे नुसती भिंतच दिसली, तर पुढील पिढीस येळवस हा शब्दही शब्दकोशात पाहावा लागेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक उद्या पुणे-मुंबईस, कित्येक त्याहूनही दूर जातील. जावे, अवश्य जावे. परंतु तोपर्यंत एक काम तुमच्या हातचे आहे. पुढच्या येळवशीस गावातील कोणते घर एकटे आहे याचा आधी शोध करा. त्या वृद्धांना हात धरून आपल्या शेतात न्या. आणि पंगत बसली म्हणजे त्यांच्या दूरच्या मुलाबाळांस दूरध्वनी लावून द्या. परमुलखातील त्या अंधाऱ्या सकाळी याहून मोठी चैन त्यांस कोणती मिळणार?